घंगाळ, गेरू आणि माझी अभिरुची

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.३०

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की हे घर असं कसं झालं, तर माझ्यापाशी लेखी नोंद असावी.

काल संध्याकाळी साडूकडे चहा. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुर्दैवाने समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. मधे फक्त जिना आणि दोन पायपुसणी. त्याने घर नवीन केलंय. भिंती राखाडी, सोफा राखाडी, पडदे राखाडी, कपसुद्धा राखाडी. आत चहा आहे की सिमेंट, ते प्यायल्यावरच कळतं. मी तसं बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. मग साडू म्हणाला, साडोबा, तुमचं घर म्हणजे दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम, बसलं की आपला नंबर कधी येतोय असं होतं. सगळे हसले. ही सर्वांत जास्त हसली. डोळे पुसावे लागले तिला.

मी चहा अर्धा ठेवून निषेध नोंदवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मुद्दाम दुर्लक्ष केलं असणार.

निश्चय: आपलं घर अस्सल भारतीय शैलीत करायचं. हातकाम, माती, पितळ, लाकूड. राखाडी रंगाची एकही वस्तू घरात ठेवायची नाही. माझे केस अपवाद.

मंगळवार, ४ मार्च. ऑफिस, ११.४०

आमच्या लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागाचा मी एकोणीस वर्षं प्रमुख आहे. त्यामुळे माणूस कसा असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. वाईट असतो. आजची तक्रार: एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे चाळीस मिनिटं अडकल्या. मी शेरा मारला: बटण दोनदा दाबलं असावं. तक्रार अमान्य.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हॉलचा प्लॅन काढला. सोफ्याच्या जागी बैठक. खिडकीला कोरीव जाळी. समोरची भिंत गेरूची. कोनाड्यात मातीची भांडी. थीमला नावही दिलं: ग्रामीण पण ग्रँड. साहेब मागे येऊन उभे होते. हे काय, म्हणाले. मी म्हणालो, ग्राहकाने पाठवलेला नकाशा आहे. साहेबांनी बराच वेळ पाहिला. लिफ्ट कुठेय, म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च

मुलगी दुसऱ्या गावात नव्या घरात राहायला जातेय. ही तिच्या मदतीला गेली, सतरा दिवसांसाठी. याला योग म्हणतात. निघताना दारात उभी राहून म्हणाली, घरातल्या कशालाही हात लावू नका. मी बरं म्हणालो. बरं म्हणजे ऐकलं. कबूल आहे असं नव्हे.

परत येईल तेव्हा सरप्राइज. रडेल बहुतेक.

शनिवार, ८ मार्च

सोफा वॉचमनला देऊन टाकला. त्याने गेटच्या आत भिंतीलगत ठेवलाय. संध्याकाळी साडू त्यावर ऐसपैस बसून पेपर वाचत होता. वेटिंग रूममध्ये बसवतं वाटतं आता, असं मी म्हणणार होतो, पण ते सुचलं तोवर मी चौथ्या मजल्यावर पोचलो होतो.

सुतार येऊन गेला. उद्धट माणूस. प्लॅन उलटा धरून पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाला, बैठकीची उंची नऊ इंच का. मी म्हणालो, पूर्वी माणसं जमिनीलगत बसायची. तो म्हणाला, पूर्वी त्यांना उठताही यायचं. शिवाय जाळीसाठी जिथे भोक पाडायचंय तिथून पाण्याचा पाइप जातो, असं त्याचं मत. मी त्याला सांगितलं, मत द्यायला डिझायनर आहे, तुम्ही भोक पाडा. डिझायनर कुठे आहेत, असं त्याने विचारलं. वाद वाढवला नाही.

रविवार, ९ मार्च

भिंत स्वतः रंगवली. डब्यावर गेरू. भिंतीवर मात्र इथे कुणाचा तरी गळा कापलाय आणि प्रकरण दाबलंय, असं दिसतं. वाळल्यावर उतरेल.

वाळल्यावर चढला.

दुपारी पांढऱ्या रंगाने आदिवासी पद्धतीची चित्रं काढली. त्रिकोणाची माणसं. सोपं असतं, दोन त्रिकोण, एक गोल, चार काड्या. नाचणाऱ्यांची रांग काढली. रांग भिंतीवर मावेना म्हणून शेवटचे सहा जण दाराच्या दिशेने वळवले.

पाचला साडू डोकावला. राखाडी टी-शर्ट. म्हणाला, सगळे बाहेर पळतायत, शहाणी माणसं आहेत. दार लावून घेतलं. त्याचं बोट मधे होतं की नाही, ते मी पाहिलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

सुताराने चित्रं पाहून विचारलं, एवढ्या कात्र्या कशाला काढल्यात.

हा माणूस मला मुळातच आवडला नव्हता.

बुधवार, १२ मार्च. दुपारी २

सुताराने भोक पाडलं. पाइप तिथेच होता. पाणी आधी माझ्या चेहऱ्यावर, मग नर्तकांवर, मग खालच्या मजल्यावर. खालचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून वर आले आणि माझ्या शिक्षणाबद्दल बोलले. सुतार हाताची घडी घालून उभा. मी म्हणालो, तुम्ही ठामपणे सांगायला हवं होतं. तो म्हणाला, आता ठामपणे सांगतो, मी उद्यापासून येणार नाही. बैठकीचा चौथरा अर्धा झाला होता. त्याने एका बाजूचे पाय ठोकले होते, दुसऱ्या बाजूचे पिशवीत घालून घेऊन गेला.

सुताराविरुद्ध लेखी तक्रार तयार केली. कुठे पाठवायची ते ठरलेलं नाही. तूर्त स्वतःकडेच दाखल करून घेतली.

उरलेल्या बाजूला जाडजूड पुस्तकं लावली. दिसत नाहीत. जाळी रद्द. भोकावर मातीची थाळी टांगली. उलट सुंदर दिसतंय. चुकीतून कला जन्मते, असं मी कुठेतरी वाचलंय, किंवा आत्ताच मला सुचलंय.

शुक्रवार, १४ मार्च

जुन्या वस्तूंच्या दुकानातून पितळी घंगाळ आणलं. दोन माणसांनी वर चढवलं, त्यातला एक मी. घरात ठेवलं तर दार उघडत नाही, म्हणून बाहेर, दोन्ही दारांच्या मधे ठेवलं. काठोकाठ पाणी, वर पाकळ्या. जिना एकदम हॉटेलसारखा झाला.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ६.१०

साडू फिरायला निघाला आणि घंगाळात पडला. पडला म्हणजे एकच पाय. दुसरा अगदी कोरडा होता, मी पाहिलं. तरी आरडाओरडा दोन्ही पायांचा. मी म्हणालो, पाहून चालावं. तो म्हणाला, स्वतःच्या दारातही. मी म्हणालो, घंगाळ माझ्या बाजूला आहे. मग टेप आणून मोजलं. घंगाळ त्याच्या बाजूला सात इंच जास्त निघालं. टेप त्याची होती.

दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र: सामायिक जागेतील भांडे त्वरित हलवावे. उत्तर दिलं: ते भांडे नसून कलाकृती आहे. संध्याकाळी साडूने त्यात स्वतःची ओली छत्री उभी केली. मी छत्री जप्त केली. कोनाड्यात ठेवली आहे. दुर्दैवाने राखाडी आहे.

रविवार, १६ मार्च

पडदे आणि उशांचा प्रश्न. छपाईचा लाकडी ठोकळा आणला होता, हत्तीचा. पांढऱ्या चादरीवर स्वतः छापायला बसलो. पहिले चार हत्ती छान. पाचवा उलटा. मग गडबड झाली आणि एकंदरीत कळप दरीत कोसळतोय असं दिसायला लागलं. चादर पलंगाखाली ढकलली.

मग आठवलं. माळ्यावर हिची पत्र्याची पेटी आहे. काढली. आत सासूबाईंच्या सहा साड्या, मधे मधे डांबरगोळ्या. काय काठ आहेत. मोहरीसारखा पिवळा, एक विटकरी, एक गर्द हिरवी. असा रंग आज बाजारात दाखवून द्यावा कोणी. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. आमचं पटायचं नाही. त्या मला हुशार म्हणायच्या, पण असं म्हणायच्या की ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. माझ्याच सोफ्यावर बसून म्हणायच्या.

म्हणजे साड्या नुसत्या पडून होत्या. चार वर्षं अंधारात. हिला त्यांची आठवणही नसेल. जुन्या साड्यांच्या उशा, पडदे, याला अपसायकलिंग म्हणतात. परदेशी लोक वेडे होतात.

सोमवार, १७ मार्च

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे साड्या दिल्या. अकरा उशांचे अभ्रे, दोन पडदे. बाईंनी पिवळी साडी टेबलावर पसरली आणि एका जागी बोट ठेवलं. म्हणाल्या, हे रफू घरचं आहे, कोणीतरी फार जीव लावून केलंय, नक्की कापू का. मी म्हणालो, कापा. म्हणाल्या, घरात विचारलंत ना. मी म्हणालो, घर माझंच आहे. उत्तर मला स्वतःलाच आवडलं.

बाईंनी कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. कारागिरांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव फार.

बुधवार, १९ मार्च

हिचा फोन. घरी सगळं ठीक ना, म्हणाली. सरप्राइज आहे, म्हणालो. मग म्हणाली, काय केलंत. मी गूढ हसलो. ती म्हणाली, हसू नका, काय केलंत ते सांगा. उत्सुकता अगदी ओसंडत होती.

शनिवार, २२ मार्च

अभ्रे आणि पडदे आले. मी कोणाचं कौतुक सहसा करत नाही, पण हे खरोखर देखणं झालंय. पडद्यातून दुपारचं ऊन आलं की सगळी खोली पिवळी होते. गेरूसुद्धा मऊ वाटतो. बराच वेळ नुसता बसून राहिलो. उठताना पुस्तकांची बाजू जरा खचली. दोन शब्दकोश वाढवले.

उद्या पाच वाजता उद्घाटन. साहेबांना बोलावलंय. साडूलाही बोलावलंय, कारण शत्रू समोर नसेल तर विजयाला चव नाही. ही चारच्या गाडीने येतेय.

रविवार, २३ मार्च. दुपारी ४.४५

सगळं सज्ज. साहेब आले. तीन उशा घेऊन बैठकीवर बसले. चौथरा कुरकुरला, पण राहिला. साडू आणि मेहुणी आली. साडू भिंतीकडे बघतोय. बोलत नाही. हरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८

घटनाक्रम जसाच्या तसा लिहून ठेवतो.

मेहुणी एक उशी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत होती. मला वाटलं, कापडाचा पोत बघतेय. मी तिला काठाबद्दल माहिती देत होतो. भाऊजी, हे कुठून आणलंत, असं तिने विचारलं, अगदी हळू. मी म्हणालो, घरातच होतं. तेवढ्यात ही आली. हातात बॅग. आधी भिंत पाहिली. मग सोफ्याची जागा. मग पडदा. पडद्यापाशी गेली, काठ दोन बोटांत धरला आणि नाकाशी नेला.

साहेब म्हणाले, वहिनी, घर सुंदर झालंय. ही म्हणाली, हो. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, कापल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी अपसायकलिंग समजावून सांगायला घेतलं. मधेच ती साहेबांपाशी गेली आणि म्हणाली, जरा उठता का. साहेबांना उठता येईना. साडूने त्यांना काखेत धरून उभं केलं. त्यात चौथऱ्याची पुस्तकांची बाजू बसली आणि शब्दकोश बाहेर आले. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. हिने साहेबांखालच्या तीन उशा घेतल्या. मग बाकीच्या. अकरा उशा एका माणसाच्या हातात मावत नाहीत. निम्म्या मेहुणीने घेतल्या. साडू दोन्ही दारं उघडी धरून उभा राहिला. सगळं समोर गेलं. बॅगसुद्धा.

साडूने एकही विनोद केला नाही. डाव असणार.

साहेब उभ्या उभ्या म्हणाले, मी निघतो. चहा राहिला, म्हणालो. राहू दे, म्हणाले.

माझा अंदाज: ही भारावली आहे. प्रवासाचा शीणही असतो.

सोमवार, २४ मार्च

अजून समोरच. सकाळी दाराच्या भिंगातून पाहिलं. साडू दूध आत घेत होता. दोन पिशव्या जास्त. म्हणजे मुक्काम. स्वतःच्या नवऱ्यापासून नऊ फुटांवर राहायचं आणि त्याला रुसवा म्हणायचं, याला काही अर्थ नाही.

ऑफिसात साहेब कामापुरतं बोलले. काम नव्हतं.

मंगळवार, २५ मार्च

रीतसर खुलासा लिहून साडूच्या दाराखालून सरकवला. त्यात म्हटलं की साड्या वापरात नव्हत्या. त्यांच्यावर मालकीची चिठ्ठी नव्हती. आता त्या रोज डोळ्यांसमोर राहिल्या असत्या, पेटीत काय राहिल्या असत्या. आणि हेतू शुद्ध होता. हेतूखाली रेघ मारली.

तासाभराने कागद परत आला. मागे हिच्या अक्षरात एकच शब्द: वाचला.

वाचला म्हणजे पटला असावा. नाहीतर अमान्य लिहिलं असतं. मी तसंच करतो.

बुधवार, २६ मार्च

मुलीचा फोन. आवाज चढा. बाबा, तुम्हाला माहीत होतं का ते काय होतं. मी म्हणालो, साड्या. ती म्हणाली, आई दर महिन्याला ती पेटी खाली काढायची, साड्या उलगडायची, घडी मोडून परत घालायची, त्या दिवशी कोणाशी बोलायची नाही. मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्ही त्याच खोलीत पेपर वाचत असायचात.

पिवळीवरचं रफू हिचं होतं म्हणे. अकरा वर्षांची असताना आईची साडी खिळ्याला अडकवून फाडली, मार खाल्ला, आणि मग आईने शेजारी बसवून रफू शिकवलं. आईने नंतर ती साडी कायम ते रफू वर दिसेल अशी नेसली.

मी म्हणालो, ते रफू चौथ्या क्रमांकाच्या उशीवर अगदी मधोमध आलं होतं, शिंपीणबाईंनी मुद्दाम तसं बेतलं असणार. मुलीने फोन ठेवला. लाइन कट झाली असेल म्हणून तीनदा लावला. एंगेज.

शनिवार, २९ मार्च

ही आली. साडू शिडी घेऊन मागे. मी म्हणालो, बस ना. तिने खोलीभर पाहिलं. बसायला काही नव्हतं.

साडू शिडीवर चढून पडदे काढायला लागला. मी शिडी धरली. कोणीतरी धरायलाच हवी. माझ्याच घरातले माझे पडदे शत्रू काढतोय आणि मी त्याचे पाय सांभाळतोय. एकदा मनात आलं, सोडावी. ही समोर उभी होती म्हणून नाही सोडली. फक्त तेवढ्यासाठीच.

जाताना साडू म्हणाला, माझी छत्री. दिली.

पडदे गेल्यावर खोलीत ऊन सरळ आत येतं. भिंतीकडे बघवत नाही.

रविवार, ३० मार्च. संध्याकाळी ७

दुपारी तीनला समोर गेलो. बोलावलं नव्हतं. दार साडूने उघडलं आणि बाजूला झाला. हॉलमध्ये जमिनीवर चादर, तिच्यावर कापडाचे तुकडे साडीवार लावलेले. दोघी बहिणी उसवलेले काठ एकमेकांना लावून बघत होत्या. दोन साड्या पुन्हा पूर्ण लांबीच्या झाल्यात. सगळ्या जोडांनी भरलेल्या. नेसता येण्यासारख्या नाहीत. मी तसं म्हणणार होतो. म्हणालो नाही. ही प्रगती नोंदवून ठेवतो.

मी काही करू का, असं विचारलं. हो कोणी म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. एक उशी उसवायची राहिली होती, वांगी रंगाची. साडूने ब्लेड दिलं. कोपऱ्यात बसलो. तीन तास. एक टाका म्हणून जोरात ओढला नाही. बोटाला दोनदा लागलं, रक्त कापडाला लागू दिलं नाही, आणि कोणाला दाखवलंही नाही. मी. कापड मोकळं झालं तसं मांडीवर पसरलं, हाताने सारखं केलं. आणि मला सासूबाई दिसल्या. खरंच दिसल्या.

म्हणून बोललो. म्हणालो, ही साडी मला आठवते. मुलगी झाली तेव्हा त्या हीच नेसून दवाखान्यात आल्या होत्या. बाळाला घेतलं आणि बाळाने मुठीत पदर धरला, सोडेचना. मग त्या तशाच तासभर वाकून उभ्या राहिल्या. मेहुणीचे हात थांबले. हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदा.

तिने हात पुढे केला. मी कापड दिलं. तिने ते उलटं केलं, खिडकीकडे धरलं. मग म्हणाली, हे आईचं नाही. विरलेला भाग टाकल्यावर कापड कमी पडलं म्हणून शिंपीणबाईंनी स्वतःच्या पदरचं लावलं होतं. परवा येऊन सांगून गेल्या.

साडू उठून किचनमध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मी कापडाची घडी घातली. नीट घातली, कोपऱ्याला कोपरा. विचारलं, उद्या किती वाजता येऊ.

ती म्हणाली, नको. उसवायचं होतं ते सगळं संपलं. आता शिवायचंय, आणि ते तुम्हाला येत नाही.